मानकऱ्याचं वर्ष

ला लोमा, मिचोआकान
५ ऑक्टोबर १९९७

प्रिय ओतिलिया,

मंगळवारी गावचे संत, सान हेरोनिमो, आपल्या घरी आले. सिंहासकट. आता वर्षभर आपल्या बापाच्या, ताताच्या खोलीत राहतील, तळ्याकडे तोंड करून. यंदाचा मानकरी मी.

तू इथे असायला हवी होतीस. मूर्ती उंबऱ्यातून आत येताना सिंहाचं शेपूट चौकटीला लागलं. कुपेर्तिनो मागून म्हणाला, "सिंहाला घर पसंत नाही वाटतं." मी म्हटलं, "गेलं वर्षभर मक्याच्या कोठारात झोपून त्याची पाठ अवघडली असेल." सगळे हसले, त्याचा बापही हसला. मान कुपेर्तिनोलाच हवा होता हे तुला ठाऊक आहे. त्याचा बाप एकदा मानकरी होऊन गेला, पण शेतकऱ्याचं घर, झिलईची भांडी विकत घेणारं. कुंभाराच्या घरचा मान वेगळा.

वर्षभर काय असतं ते तू विसरली असशील, लहान होतीस. दर्शनाला येईल त्याला पेला द्यायचा. उसाच्या रसाची दारू, चरांदा, त्यात अंबाडीची लाल फुलं, चिंच, आंबट पेरू. सगळं ताताच्या हिरव्या रांजणात मुरतं. मी तो धुऊन पुसून संताच्या उजव्या हाताला मांडलाय. उन्हात त्याचा हिरवा रंग तळ्यासारखा दिसतो. अशी झिलई आज कुणाला जमत नाही. मलाही नाही.

शिवाय उत्सवाला गावातल्या प्रत्येक घराला एक हिरवा पेला द्यायचा, स्वतः घडवलेला. म्हणजे यंदा भट्टी थंड होणार नाही. युडोसिया म्हणते, अंगणातला पाटा झिलईच्या पिवळ्या पुडीने आताच पिवळा झालाय. तुझी वहिनी बोलते खूप, पण वाटतेही खूप.

पुढच्या तीस सप्टेंबरला मूर्ती माझ्या खांद्यावरून चर्चमध्ये परत जाईल. खांदा मानकऱ्याचाच लागतो. दुसऱ्याने दिला तर मान त्याच्या घराचा.

तुझा दादा,
फिदेन्सियो


शिकागो
२ नोव्हेंबर १९९७

प्रिय दादा,

पत्र प्रयोगशाळेत सगळ्यांना वाचून दाखवलं. भाषांतर करताना सिंहाच्या शेपटापाशी अडखळले, पण हसले सगळे. आमच्या प्रमुख बाईंनी विचारलं, "मानकरी म्हणजे नेमकं कोण?" मी म्हटलं, "एका वर्षापुरता गावाचा यजमान." त्या म्हणाल्या, "खर्चिक दिसतंय." त्यांना कळलं नाही. जाऊ दे.

तू नेहमी विचारतोस मी काय करते. तेच, उंदीर आणि पांढऱ्या पेशी. शरीरात जंतू शिरला की या पेशी धावून जातात आणि त्याला गिळतात. उंदरांना निरनिराळं काय काय पाजून आम्ही बघतो की त्या धावतात का. तू मला 'उंदरांची डॉक्टरीण' म्हणतोस ते बरोबरच आहे.

एक मागते. त्या हिरव्या पेल्यांपैकी एक मला पाठव. टेबलावर ठेवीन. इथे सगळ्यांचे पेले एकसारखे पांढरे असतात.

तातांची खोली, त्यात संत, शेजारी तो रांजण. मी डोळे मिटले की दिसतं. वहिनीला मिठी.

ओतिलिया


ला लोमा
१८ जानेवारी १९९८

प्रिय ओतिलिया,

पेला रेमेडियोसबाईंच्या मुलाबरोबर पाठवतोय. तो शिकागोला परत निघालाय. फोडू नकोस म्हणून बजावलंय.

पेल्याचा हिरवा रंग बघ. ताताच्या जवळ पोचलाय. भट्टीचं तोंड मी या वेळी ओल्या मातीने लिंपलं, आच आत कोंडली. धूर डोळ्यांत गेला तो गेलाच, पण रंग धरला.

मला जरा खोकला आहे. डिसेंबरपासून. एक गेला की दुसरा येतो. युडोसिया म्हणते, सिंहालाही लागलाय, रात्री तोच खोकतो असं तिला वाटतं. गावच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरने रक्त घेतलं, पांढऱ्या पेशी मोजल्या. पुरेशा आहेत म्हणाला. तुझ्याच त्या पेशी. तेव्हा काळजी नको.

गाव मात्र माझ्याकडे वेगळ्या नजरेने बघायला लागलंय. वाट मोकळी करून देतात. आजोबा मानकरी होते, वर्ष संपायच्या आत गेले. काका प्रोकोपिओ, तसेच. ताताने उत्सवाला खांदा दिला आणि थंडीत गेला, छातीत कफ भरून. तुला आठवत नसेल. संत ज्याची सेवा गोड मानतो त्याला आपल्याकडे बोलावून घेतो. आपल्या घरातून तिघे गेले. कुपेर्तिनोचा बाप, ज्याला सगळं गाव ताता इरेनेओ म्हणतं, मान घेऊन म्हातारा झाला आणि अजून मका सोलतोय. पोरं त्याला चिडवतात, "ताता, संत तुमचा पत्ता विसरला." तोही हसतो. पण परवा दर्शनाला आला आणि मूर्तीकडे बराच वेळ बघत बसला.

मला जायची घाई नाही. पण बोलावलंच तर आपलं घर चौथ्यांदा उजळेल.

दादा


शिकागो
८ फेब्रुवारी १९९८

दादा,

पेला पोचला. सुंदर आहे. त्याबद्दल नंतर लिहीन.

तुझं पत्र वाचून मला अभिमान वाटायला हवा होता. भीती वाटली. तुला चाळीस पूर्ण नाहीत. खोकल्यावर खोकला येतो आणि तू संताचं बोलावणं म्हणतोस. तुझ्या घरात रोज दारू आहे. रोज माणसं येतात, तू त्यांच्याबरोबर पितोस. सकाळी पितोस का? रिकाम्या पोटी? रागावू नकोस, मी इथे असे लोक बघते. दारू पिणाऱ्याच्या छातीत जंतू सहज बसतो.

पिणं थांबव. संत समजून घेईल. त्याला तुझा खांदा हवाय, तुझा पेला नाही.

ओतिलिया


ला लोमा
१५ मार्च १९९८

ओतिलिया,

तू मला दारुडा म्हणालीस. शब्द वापरला नाहीस, पण म्हणालीस.

ला लोमात मला कुणी भिंत धरून चालताना बघितलंय का, विचार. दर्शनाला आलेल्याच्या पेल्याला पेला लावतो, तेवढंच. घोटभर. कधी दिवसाला दोन माणसं येतात, रविवारी जास्त. म्हातारी पासिफिका चर्चला जाताना जेवढं पिते तेवढंही मी पीत नाही, आणि तिला कुणी पत्र लिहीत नाही. आलेल्याला एकटं पिऊ द्यायचं, ही कुठली पद्धत? तिकडची असेल.

वर्षानुवर्षं मी भट्टी लावतो. वर्षानुवर्षं सणासुदीला पितो. कधी आजारी पडलो नाही. तेव्हा कारण दारू नाही आणि कारण भट्टी नाही.

गेल्या आठवड्यात भट्टीची वीट निसटून उजव्या अंगठ्यावर पडली. भाजलं. असं आयुष्यात कितीदा झालंय, चार दिवसांत खपली धरते. या वेळी धरत नाहीये. पिवळं पाणी येतं. युडोसिया कोरफड लावते. पेले करायचे राहिलेत आणि मी डाव्या हाताने झिलई वाटतोय. हे सांगायचं नव्हतं, पण तू तिकडून ओळखशीलच.

फिदेन्सियो


शिकागो
१९ एप्रिल १९९८

प्रिय दादा,

मी चुकले. तू दारुडा नाहीस. माफ कर. आता पुढचं शांतपणे वाच, बसून.

तुझं एक वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. भट्टीही वर्षानुवर्षं, पिणंही वर्षानुवर्षं, मग आत्ताच का. मी तुझा पेला टेबलावरून उचलला. त्यात चिंच आणि अंबाडीचं पाणी केलं, थोडी दारू घातली, फडक्याने झाकून ठेवलं. चार दिवसांनी शेजारच्या विभागात तपासायला दिलं. पाण्यात शिसं उतरलं होतं. थोडंथोडकं नाही. तपासणाऱ्याने मला विचारलं, "हे कुठून आणलंस? कुणी पीत नाही ना?"

पिवळी पूड म्हणजे शिसंच, दादा. ती आपल्या हाताला असते, पाट्यावर असते, भट्टीच्या धुरात असते. आंबट आणि दारू एकत्र झाली की झिलईतूनही उतरते. तू ते वाटतोस, हुंगतोस, आणि यंदा रोज पितोसही.

आमच्या उंदरांचे चार गट आहेत. एकाला साधं पाणी. दुसऱ्याला पाण्यात थोडं शिसं. तिसऱ्याला थोडी दारू. चौथ्याला दोन्ही. मग सगळ्यांना एकच जंतू देतो. पहिल्या गटातले दोन-चार दिवसांत बरे होतात. दुसरे आणि तिसरे रखडतात, पण बहुतेक सावरतात. चौथ्यातले बरेच सावरत नाहीत. त्यांच्या पांढऱ्या पेशी मोजल्या तर पुरेशा भरतात. तुझ्या डॉक्टरने तुझ्या मोजल्या तशा. पण मोजणं म्हणजे नुसती हजेरी. त्या जखमेकडे उशिरा निघतात. पोचल्या तरी जंतूला गिळतात आणि मारायचं काम अर्धवट सोडतात. एकटं शिसं किंवा एकटी दारू शरीर कसंबसं निभावून नेतं. दोन्ही मिळून त्याचं सावरण्याचं सामानच संपवतात. माणसात कुणाचा किती वाटा ते मी छातीठोक सांगू शकत नाही. उंदीर आणि माणूस एक नाहीत. पण दिशा तीच आहे.

आता जे लिहायचंय ते तीन दिवस लिहिता आलं नाही.

आजोबा, काका, ताता. तिघेही कुंभार. तिघेही मानाच्या वर्षात किंवा त्यामागोमाग गेले. त्या एका वर्षात माणूस गावभर पेले पुरवायला एरवीच्या कितीतरी पट झिलई वाटतो आणि त्याच वर्षी रोज त्या रांजणातलं पितो. ताता इरेनेओ मानकरी होते तेव्हा तेही रोज प्याले. पण ते मका पिकवतात. पूड वाटत नाहीत, भट्टीपाशी बसत नाहीत. त्यांच्या वाट्याला शिसं आलं ते पेल्यातलं, तेवढंच. ते जगले.

संत त्यांना विसरला म्हणून नाही.

मोरेलियाच्या मोठ्या इस्पितळात जा. 'रक्तातलं शिसं तपासा' असं सांग, हे शब्द तसेच म्हण. रांजण रिकामा कर. पाटा चुलीपासून लांब ने. वहिनीलाही तपासून घे.

तुझी,
ओतिलिया


ला लोमा
१० मे १९९८

ओतिलिया,

पत्र वाचलं.

म्हणजे ताताला त्याच्याच भांड्याने मारलं. असं म्हणतेस. त्याच्या मयताला तीन गावं आली होती. बँड होता. पाद्री म्हणाला की धन्य हे घर. तू तेव्हा माझ्या कडेवर होतीस आणि मी रडलो नाही, कारण अभिमानाच्या दिवशी रडत नाहीत. आता तू शिकागोहून सांगतेस की ती विषबाधा होती.

तुझ्या चौथ्या गटातल्या उंदरांना कुठल्या संताचा मान मिळाला होता?

रांजण आहे तिथेच आहे. मला लिहू नकोस.

फिदेन्सियो


मोरेलिया
१२ जुलै १९९८

ओतिलिया,

मी युडोसिया. अक्षर वाईट आहे, समजून घे. इस्पितळाच्या बाकावर बसून लिहितेय.

तुझ्या दादाला आठ दिवसांपूर्वी इथे आणलं. छाती दोन्हीकडून भरली होती. ताप असा की कपाळावर मक्याच्या पिठाचा कोरुंदा ठेवला असता तर शिजला असता. अंगठ्याची जखम मार्चपासून उघडीच आहे. कुपेर्तिनोने आपल्या गाडीतून आणलं. वाटेत तो एकदाही मानाबद्दल बोलला नाही. मला तेव्हा खरी भीती वाटली.

मी डॉक्टरणीला तू लिहिलेले शब्द तसेच सांगितले. तिने माझ्याकडे बघितलं, मग रक्त घेतलं. शिसं निघालं, पुष्कळ. माझ्यातही आहे, त्याच्याइतकं नाही. मी पीत नाही ना. त्याला शिसं काढायचं औषध देतात, शिवाय जंतूंचं. काल पहिल्यांदा पेज मागितली. मीठ कमी आहे म्हणाला. म्हणजे आता बरा होईल.

तुझं पत्र त्याने फाडलं नव्हतं, हे तुला सांगायचंय. मे महिन्यापासून ते सिंहाच्या पंजाखाली आहे. धूळ पुसताना मला रोज दिसायचं. रोज ते थोडं सरकलेलं असायचं.

शुद्धीवर आल्यावर त्याने पहिलं विचारलं, "पेले कोण देतंय?" मी म्हटलं, "मी." "रांजणातलं?" मी म्हटलं, "रांजण कोरडा आहे. कॉफी देते." तो भिंतीकडे वळला. मला वाटलं चिडला. मग म्हणाला, "साखर नीट घाल. मानकऱ्याचं घर आहे."

उत्सवाला अडीच महिने उरले. खांदा लागेल का, सांगता येत नाही. तू त्याला लिही. 'लिहू नकोस' म्हणाला होता, तरी लिही.

युडोसिया


शिकागो
२६ जुलै १९९८

प्रिय दादा,

वहिनीचं पत्र मिळालं. मीठ कमी होतं हे वाचून मी प्रयोगशाळेत मोठ्याने हसले आणि मग बाहेर जाऊन बसले.

ताताबद्दल एक सांगते. संताने त्यांना नेलं की नाही हे मला माहीत नाही. ते माझ्या सूक्ष्मदर्शकात दिसत नाही. मला एवढंच माहीत आहे की त्यांना ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक असतं तर त्यांनी पाहुण्यांना त्यातून पाजलं नसतं. ते यजमान होते. त्यांचा हिरवा रंग खोटा होत नाही. तो मी अजून डोळे मिटून बघते.

तू काय करावंस ते मी सांगणार नाही. यजमान तू आहेस. धंद्याचं मात्र सांगते. शिशाशिवायची झिलई मिळते, मोरेलियात चौकशी कर. पण ती तुझ्या भट्टीत भाजू नकोस. भट्टीच्या विटांनी इतकी वर्षं शिसं पिऊन घेतलंय, त्या ते परत देतात. नवी भट्टी लाव, नाहीतर जुनी वापरू नकोस.

आणि पुढचे महिने एक घोटही नाही. चालेल ना?

ओतिलिया


ला लोमा
११ ऑक्टोबर १९९८

प्रिय ओतिलिया,

चालेल म्हणून आधीच लिहायचं होतं. पण हात मोकळा नव्हता. रांजण करत होतो.

इस्पितळातून आलो तेव्हा ऑगस्ट अर्धा सरला होता. मोरेलियाहून ती दुसरी पूड आणली, शेजारच्या गावात नव्या भट्टीत भाजून बघितली. रंग आला आजारी माणसाच्या जिभेसारखा. दोनदा आला. तिसऱ्यांदा जरा बरा आला, पण त्याला हिरवा म्हणायला मी तयार नाही. अजून करतोय. जमेल. पण उत्सव त्यासाठी थांबणार नव्हता.

मग आठवलं की आईकडे पाण्याचा रांजण होता, बिनझिलईचा. तळ्याकाठच्या गोट्याने घोटलेला. तो बायकांचा धंदा, पुरुष त्याला हात लावत नाहीत. मी अंगणात बसून घोटायला लागलो. युडोसियाची मावशी कुंपणापाशी उभी राहून म्हणाली, "फिदेन्सियो, झंपर पण शिवून देऊ का?" मी म्हटलं, "बाह्या लांब ठेव, मावशी, चटके बसतात." ती आत आली, माझ्या हातून गोटा काढून घेतला आणि तिरका कसा धरायचा ते दाखवलं. चटणी वाटल्यासारखा मी दाबत होतो. मऊ धरायचा असतो. कातडी घासल्यासारखा.

रांजण भट्टीत नाही भाजला. तू म्हणालीस तसं. गावाबाहेर उघड्यावर शेण आणि लाकडं रचून, आई करायची तसा. ताता हसला असता. पण भांडं तडकलं नाही आणि बाहेर आलं तेव्हा गूळ वितळल्यावर होतो तसल्या रंगाचं. चकाकी आहे. हिरवी नाही. त्याचीच.

पेलेही तसेच घोटले. सगळ्या घरांना पुरले नाहीत. उरलेल्यांना सांगितलं, नाताळपर्यंत देतो, आणि जुने हिरवे फुलांना वापरा. काहींनी तोंडं वाकडी केली.

आता तीस तारीख. खांदा मी दिला. कुपेर्तिनो सबंध वाटभर माझ्या मागे चालला, हात अर्धे वर करून, मी पडलो तर धरायला. किंवा मूर्ती घ्यायला. चर्चच्या पायऱ्यांवर माझा श्वास संपला. मी थांबलो. तो हळू म्हणाला, "देतोस का?" मी म्हटलं, "सिंह पेलवेल तुला? पाठ अवघडेल." तो म्हणाला, "मग चढ, गाढवा, मागे लोक आहेत." चढलो.

चर्चच्या अंगणात पहिला पेला मानकऱ्याने प्यायचा असतो. युडोसियाने चरांदा घालायच्या आधी सरबत वेगळं काढलं होतं. मी सगळ्यांसमोर सांगितलं की माझ्या पेल्यात दारू नाही, का नाही तेही सांगितलं. पिवळ्या पुडीचं सांगितलं, रांजणाचं सांगितलं. आजोबा, काका, ताता, तिघांची नावं घेतली. बँडवाल्यांनी वाद्यं खाली ठेवली. मी म्हटलं, "संताला मी हवा असेन तर त्याने स्वतः यावं. भांड्याला पाठवू नये." मग प्यालो.

दुसरा पेला सर्वांत वयस्क माजी मानकऱ्याचा. म्हणजे ताता इरेनेओचा. त्याने घोट घेतला, जिभेवर फिरवला.

"मातीची चव येते."

"मातीच आहे, ताता."

"आणि रांजण गळतोय."

खरंच गळत होता. बिनझिलईचं भांडं पाझरतंच. खाली ओल धरली होती.

"त्यालाही पाजावं लागतं," मी म्हटलं. "तोही पाहुणा आहे."

लोक हसले तेव्हा कुठे अंगण पुन्हा अंगण झालं. पण म्हातारा हसला नाही. त्याने माझी बाही धरली, जवळ ओढलं आणि इतक्या हळू विचारलं की फक्त मला ऐकू गेलं, "मग पोरा, तो मला विसरला नव्हता?"

मी म्हटलं, "नाही, ताता. तुम्ही कुंभार नव्हता, एवढंच."

त्याने पेला खाली ठेवला. मग उठला, मूर्तीसमोर गेला, आणि टोपी काढली. इतक्या वर्षांत त्याने तिथे टोपी काढलेली मी बघितली नव्हती. आजवर रागावलेला होता बहुतेक.

आता मान कुपेर्तिनोकडे गेलाय. परवा दारात येऊन उभा राहिला. इकडचं तिकडचं बोलला, मक्याचं, पावसाचं. शेवटी म्हणाला, "तो गळका रांजण देतोस का वर्षभर?" मी म्हटलं, "नवा करून देतो. हा आमच्या घरचा आहे." ताताचा हिरवा त्याच्या जुन्या जागी परत गेलाय, खिडकीपाशी. त्यात युडोसिया झेंडू ठेवते.

अंगठ्याबद्दल विचारशील. बंद झाला. औषधं सुरू झाल्यावर तीन आठवड्यांत बंद झाला, तुझ्या पेशी अखेर वेळेवर निघाल्या असाव्यात. त्यावर गुलाबी कातडी आली, गुळगुळीत, रेषा नाहीत.

आपल्या घरचं प्रत्येक भांडं ओलं असताना बुडाशी अंगठा दाबतात, ते तुला आठवत असेल. आजोबांचा ठसा आहे, ताताचा आहे, रेषांसकट, बोट लावलं तर लागतात. नव्या रांजणाला मी हाच अंगठा दाबला. ठसा कोरा उमटला. नुसता खळगा, आत काही नाही.

गावात कुणालाही विचार तो कुणाचा.

दादा